खांब बरोबर मोजले, पण...

परवा गावाहून बाबांचा फोन. "अरे, बागेच्या रस्त्याकडच्या बाजूला कुंपण घालायचंय. शंभर फूट लांबी, दर दहा फुटांवर खांब. किती आणू?"

मी ताबडतोब म्हटलं, "दहा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आणि शेवटच्या खांबाच्या जागी तू उभा राहणार का?"

गाळे दहा, खांब अकरा! आमच्या धंद्यात या चुकीला 'फेन्सपोस्ट एरर'च म्हणतात. इतकी वर्षं कोड लिहून मी तीच केली. असो. त्या फजितीपायी अख्खा वीकेंड कुंपणांच्या इतिहासात गेला.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात शिकारीसाठी मोजके ससे मोकळे सोडले. पुढच्या काही दशकांत ससे पिकं आणि कुरणं फस्त करत पश्चिमेकडे सरकले. शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ठरवलं, दक्षिणेच्या समुद्रापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत सरळ कुंपणच घालायचं. १९०१ ते १९०७ असं सहा वर्षं काम चाललं. लांबी १,८३३ किलोमीटर.

आता हिशेब करू. १,८३३ किलोमीटर म्हणजे १,१३९ मैल, म्हणजेच ६०,१३,९२० फूट. खांब दर बारा फुटांवर. भागाकार ५,०१,१६०. अधिक एक! (बाबा, बघताय ना?)

आणि काँक्रीट? समजा, प्रत्येक खांबाला फूटभर रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. चार इंची खांबाची जागा वजा केली तर साधारण १.४ घनफूट काँक्रीट लागतं. १:२:४ च्या मिश्रणात सिमेंटच्या एका गोणीत असे जेमतेम चार खड्डे भरतात. म्हणजे सव्वा लाख गोण्या. वर वाळू, खडी आणि पाणी, तेही वाळवंटात उंटांवरून! हे आपलं कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात तिथे मिळणाऱ्या लाकडाचे खांब जमिनीत पुरले. त्यातल्या सॅमन गम आणि गिमलेटच्या खांबांना वाळवी लागली आणि ते बदलावे लागले.

पण खरी गोची खांबांची नव्हतीच. काम चालू असतानाच, १९०२ मध्ये, ससे कुंपणाच्या अलीकडे सापडले. मग दुसरं कुंपण घातलं, मग तिसरं. तिन्ही मिळून ३,२५६ किलोमीटर. थोडक्यात, प्रोजेक्ट डिलिव्हर व्हायच्या आधीच रिक्वायरमेंट बदलली होती. खांब मोजता आले, पण सशांचा वेग कुणी हिशेबात धरलाच नाही.

या कुंपणाचा एक उपयोग मात्र कुठल्याच एस्टिमेटमध्ये नव्हता. १९३१ मध्ये सरकारी धोरणानुसार तीन आदिवासी मुलींना आयांपासून तोडून दूरच्या वसतिगृहात नेलं. मॉली, डेझी आणि ग्रेसी. त्या तिथून पळाल्या. आपल्या जिगलाँगजवळून सशांचं कुंपण जातं, हे मॉलीला ठाऊक होतं. त्याच्या आधाराने त्या चालत निघाल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी सुमारे १,६०० किलोमीटर चालून घरी पोचल्या. यावर २००२ मध्ये सिनेमाही आला. ससे न अडवणाऱ्या कुंपणाने दोन मुलींना घर दाखवलं.

रविवारी रात्री बाबांना फोन लावला. "अकरा खांब. पण बाबा, बागेत डुकरं येतात कुठून?"

"मागच्या ओढ्याकडून."

"मग कुंपण रस्त्याच्या बाजूला कशाला?"

पुन्हा शांतता. पण या वेळची मला आवडली.