कोयनेच्या भेगा आणि संगणकातील काँक्रीट

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या अंगावर आडव्या भेगा उमटल्या. धरण मात्र उभे राहिले. ही हकिगत आपल्या घरोघरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. त्या भेगांना पुढे जगाच्या स्थापत्यशास्त्रात जे स्थान मिळाले, त्याचा इतिहास तितकासा परिचित नाही.

काँक्रीट हे दाब सोसण्यात बलवान आणि ताण सोसण्यात दुबळे. ताणाची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. दाबाखालीही ते पोलादासारखे वागत नाही. प्रयोगशाळेत ठोकळा दाबत नेला, की तो फुटण्याच्या कितीतरी आधीच खडी आणि मसाला यांच्या सांध्यांत सूक्ष्म भेगा पडू लागतात. कमाल भार ओलांडल्यावरही तो एकदम कोसळत नाही, हळूहळू बळ सोडतो. ही क्रमाक्रमाने येणारी शिथिलता समीकरणात कशी बसवावी, हाच संशोधकांपुढचा खरा पेच होता.

कोयनेच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या ५ टक्के एवढेच आडवे बल धरलेले होते. धरणातच बसवलेल्या यंत्राने मात्र प्रवाहाच्या दिशेने त्याच्या जवळजवळ निम्म्याइतके त्वरण नोंदवले. ही नोंद हाती असल्याने बर्कली येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी धरणाच्या छेदाचे लहान लहान घटक पाडून संगणकावर गणित मांडले. त्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. धरणाच्या खालच्या अंगाचा उतार माथ्यापासून सुमारे ३६ मीटरवर एकाएकी बदलतो. कमाल ताण त्याच परिसरात आला. प्रत्यक्ष भेगाही तेथेच होत्या.

तरीही या गणितातले काँक्रीट कधीच न तडकणारे होते. भेग कुठे पडेल हे त्याने सांगितले. ती किती आत जाईल आणि वरचा भाग टिकेल का, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. पुढे तडकणारे काँक्रीट संगणकात आले, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली: घटक जितके बारीक पाडावेत, तितके उत्तर बदलत जाई! भेग उघडण्यासाठी लागणारी ऊर्जा हा काँक्रीटचा स्वतःचा गुण मानला पाहिजे, या विचाराने तो तिढा सुटला. १९७६ साली स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर १९८३ साली बाझांट आणि ओ यांनी त्याला आकार दिला.

१९९८ साली ली आणि फेन्व्हस यांनी ताणाने होणारी हानी व दाबाने होणारी हानी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला. भूकंपात धरणाचा माथा मागेपुढे डोलतो; भेग एका क्षणी उघडते, दुसऱ्या क्षणी मिटते. मिटलेली भेग ताण पेलत नाही, पण दाब पुन्हा पेलते, आणि माथ्याचा तोल पुष्कळसा त्यावरच असतो. ही पद्धत पडताळण्यासाठी त्यांनी कोयनाच निवडली. आज एका प्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या मार्गदर्शिकेत कोयनेचे उदाहरण नमुना म्हणून दिलेले आहे, आणि ज्यांनी सह्याद्री कधी पाहिलाही नाही असे विद्यार्थी ते गिरवतात.

यात एक सावधगिरी हवी. कोयनेचे काँक्रीट मोठमोठे दगड घालून केलेले. गणितातले काँक्रीट एकजिनसी. शिवाय येथे उत्तर आधीच ठाऊक होते. घडलेले जुळवणे आणि न घडलेले सांगणे, यांत अंतर असतेच. भूकंपानंतर धरणाच्या उंच भागांना पाठीमागून भक्कम टेकू देण्यात आले, ते या शहाणपणातूनच.

कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा पुढे बेळगाव जिल्ह्यात शिरते. त्या काठच्या घरांसाठी पडद्यावरची ती बारीक रेघ निव्वळ आकडेमोड नाही. शिवसागर आजही भरतो, त्या भागात धरणी अधूनमधून आजही कापते. म्हणून हे गणित पुन्हा पुन्हा मांडत राहणे भाग आहे.