पांढरे, करडे आणि काळे

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, ‘मिहान’ नावाचा प्रकल्प पसरला आहे. शेजारीच सोनेगावचा विमानतळ; दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने तेथे मुक्कामास उतरत. कारखान्याच्या फाटकावर निवृत्त जवान पहाऱ्याला उभा असणे हे आज अशा कोणत्याही औद्योगिक परिसरातले नेहमीचे दृश्य. फौजेतून परतलेला माणूस म्हणजे विश्वासाचा माणूस, हे समीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, याच माणसाकडे राज्यकर्त्यांनी कित्येकदा सर्वाधिक संशयाने पाहिले, याचा आपल्याला विसर पडतो.

या संशयाचे मूळ शोधायला नागपूरबाहेर जावे लागत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. पुढे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी त्यांच्या पदरचे अरब शिपाई शहर सोडीनात. त्यांनी इंग्रजांचा हल्ला परतवून लावला आणि अखेर बोलणी करूनच त्यांना सुखरूप बाहेर जाऊ द्यावे लागले. धनी शरण गेला म्हणजे शिपाई शरण जातोच असे नाही, हा धडा इंग्रजांना तेथे मिळाला. १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि दुसऱ्याच वर्षी राज्य खालसा झाले. जून १८५७ मध्ये नागपूरच्या अनियमित घोडदळातील शिपायांनी शहरातील काही लोकांशी संधान बांधून उठावाचा बेत केला. तो फुटला, कामठीच्या मद्रासी फौजेच्या बळावर मोडला गेला, आणि काही देशी अंमलदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आली. येथे संशयाला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. बेत खरा होता, माणसे ठाऊक होती, शिक्षा कृतीला झाली.

१९४५ चे प्रकरण याहून निराळे आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. त्यांतील बरेच जण आझाद हिंद सेनेत गेले. युद्ध संपल्यावर ही माणसे मायदेशी परतली ती घरी नव्हे, छावण्यांत. कलकत्त्याजवळ झिकरगाछा व नीलगंज, पंजाबात अटक आणि मुलतान, आणि पुण्याजवळ आपली खडकी. तेथे चौकशी होऊन प्रत्येकाला एक रंग मिळे. मनाने इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेला तो ‘पांढरा’. दबावाने वा प्रचाराने वाहवला गेलेला ‘करडा’. आणि पटून, समजून गेलेला तो ‘काळा’. पांढऱ्याला पलटणीत परत जागा, करड्याला घरची वाट, काळ्याला बडतर्फी वा खटला.

या वर्गवारीतील मर्म आम्हांला महत्त्वाचे वाटते. माणसाने काय केले हा प्रश्न तीत दुय्यम होता. त्याच्या मनात काय आहे, हा मुख्य. सरकारला भय होते ते परतलेल्याच्या बंदुकीचे नव्हे, ती तर केव्हाच काढून घेतलेली होती. भय होते त्याने जे पाहिले त्याचे. गोरा साहेब शरण जाताना त्याने पाहिला होता. ही गोष्ट तो गावच्या पारावर सांगणार होता, आणि ती कोणत्याही छावणीत अडवता येण्याजोगी नव्हती.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. दहशत बसावी म्हणून मांडलेला हा खटला उलटला. ३ जानेवारी १९४६ रोजी जन्मठेपेची शिक्षा माफ करावी लागली. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी बंड केले, आणि महिनाअखेरीस जबलपूरच्या सिग्नल केंद्रातील जवानांनी. जबलपूर तेव्हा मध्यप्रांतात, म्हणजे राजधानी नागपूर. संशयितांना वेगळे काढण्याच्या खटाटोपाने संशय नसलेल्यांतच असंतोष पसरला.

इंग्रज गेले, संशय मात्र मागे राहिला. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने आझाद हिंदच्या सैनिकांना लष्करात परत न घेण्याचा निर्णय घेतला. सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले हे सँडहर्स्टला शिकलेले, पुढे आझाद हिंद सेनेतील वरिष्ठ सेनानी. केंद्रात ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ज्या सेनेच्या माणसांना पलटणीत स्थान नव्हते, तिच्या सेनानीकडे देशाच्या मुलांची शिस्त सोपवली गेली! सामान्य शिपायाच्या वाट्याला मात्र १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेपर्यंतची प्रतीक्षा आली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शपथ मोडलेला आणि शपथ पाळलेला यांना एकाच रांगेत उभे केले, तर पलटण टिकत नाही, असे सेनाधिकारी म्हणत, आणि त्यात तथ्य आहे. पण पलटणीत न घेणे वेगळे आणि घरी परतलेल्याला जन्मभर संशयित मानणे वेगळे. ही रेघ इतरत्रही पुसट होते. १९३२ मध्ये वॉशिंग्टनला बोनस मागायला आलेल्या माजी सैनिकांना अमेरिकी सरकारने फौज घालून हुसकावले; एप्रिल २००९ मध्ये तिथल्याच गृहसुरक्षा खात्याच्या अहवालाने परतणाऱ्या जवानांना जहाल गटांचे संभाव्य सभासद ठरवले, आणि ओरड झाल्यावर मंत्र्यांना माफी मागावी लागली.

सैनिकाला राज्यच घडवते. शस्त्र चालवणे, हुकूम पाळणे आणि प्रसंगी मरणे, हे सारे तेच शिकवते. मग तो परत आला की आपल्याच शिकवणीला ते भिते. कृती केलेल्याला कायदा आहे. मनाला रंग देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारला नसावा, गोऱ्याला नाही आणि आपल्यालाही नाही, असे आम्हांला वाटते.