खोटी बंदूक आणि खरा कायदा

विदर्भातील शेताच्या धुऱ्यावर बुजगावणे उभे असते. दोन बांबूंचा सांगाडा, त्यावर फाटका सदरा, डोक्याच्या जागी मडके आणि आडव्या हाताला बांधलेली एक काठी. सांजेच्या अंधुक उजेडात ती काठी बंदुकीसारखी भासते. पाखरे तिला कितपत भितात, हा प्रश्न शेतकऱ्याचा; परंतु राजदरबारी तिची गणना कशात व्हावी, या प्रश्नात शतकाहून अधिक काळाचा इतिहास साठलेला आहे. वस्तू काय करू शकते हे कायद्याने पाहावे, की ती कशी दिसते हे पाहावे? वर्ध्याला लागून असलेली नालवाडी आणि तेथून पन्नासेक मैलांच्या आत असलेले नागपूर, या टापूत हा प्रश्न एका पिढीच्या हयातीत निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला.

मूळ कायदा १८७८ सालचा. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रज राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नव्हती. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाचे जाळे फार दूरवर फेकले. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, इतकेच काय, धनुष्यबाणही त्यात आले. शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रच ठरले. म्हणजे ज्या नळीतून एकटीने गोळी सुटणे शक्य नाही, तीही परवान्याच्या कक्षेत आली. यामागचे तर्कशास्त्र उघड होते. आज सुटे असलेले उद्या जोडले जाईल, ही शंकाच त्या कायद्याचा पाया होती. युरोपियनांना मात्र त्यातून मोठी सूट होती आणि लोकांच्या मनात खरा सल तोच होता. राष्ट्रसभेने १८८७ सालीच मद्रासच्या अधिवेशनात या कायद्यात दुरुस्ती मागितली. परंतु वर्णावर आधारलेली सूट जाण्यास १९२० साल उजाडावे लागले.

खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची चाल असलेल्या प्रांतात हा कायदा केवळ गैरसोयीचा नव्हता. तो अपमानाचा वाटे. त्या अपमानाला नागपुरात १९२७ साली वाचा फुटली. मंचरशा आवारी हे तेथील पारशी काँग्रेस कार्यकर्ते. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. त्यांच्या पुढाकाराने स्वयंसेवक परवान्यावाचून तलवारी घेऊन भर रस्त्यातून मिरवणुकीने निघू लागले. त्या तलवारी कोणावर चालवण्यासाठी नव्हत्या. त्या दाखवण्यासाठी होत्या. निशाण ज्या हेतूने हाती धरावे, त्याच हेतूने त्या धरलेल्या होत्या. परंतु कायदा हातातल्या वस्तूकडे पाहतो, धरणाऱ्याच्या मनाकडे नव्हे. पाते खरे होते, म्हणून गुन्हाही खरा ठरला आणि आवारी तुरुंगात गेले.

गांधींनी या चळवळीस पाठिंबा दिला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र आदर नव्हता. तथापि, तलवार उपसायची नसली तरी ती मिरवणे हे अहिंसेच्या व्रताशी जुळत नाही, असा त्यांचा विचार होता. शस्त्राचा देखावा हाही शस्त्राचाच एक उपयोग आहे. पाहणाऱ्याच्या मनात तो भीती उत्पन्न करतो. कायद्याला जे दिसले नाही, ते येथे नीतीला दिसले.

दुसरा मार्ग नालवाडीचा. १९३२ सालच्या अखेरीस विनोबा भावे या गावात येऊन राहिले. टकळी, चरखा, चामडे कमावण्याचे काम आणि गावाची सफाई, हीच तेथली आयुधे. पुढे १९३८ साली ते जवळच पवनारला गेले. युद्ध पेटल्यावर १९४० च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थान सरकारने लष्करी थाटाची कवायत आणि लष्करी गणवेषासारखा दिसणारा पोशाख यांवर बंदी घातली. येथे कायद्याने आपली नजर पालटली. बंदूक नको, तलवार नको. सैनिकासारखे दिसणे एवढेच आक्षेपार्ह ठरले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. त्यांच्या हाती ना शस्त्र होते, ना शस्त्राचे सोंग. होता तो केवळ युद्धविरोधी शब्द. चार दिवसांत त्यांनाही अटक झाली. घाबरलेल्या राज्याला पाते, पोशाख आणि शब्द सारखेच धोक्याचे वाटू लागतात, हा त्या वर्षाचा धडा होय.

१९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांना देऊ केला होता. घटना घडत असता, १९४८ च्या डिसेंबरात, मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी त्याची आठवण देऊन तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांना ती मान्य झाली नाही व ती फेटाळली गेली. घटनेत उरले ते एवढेच की, नागरिकांनी शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमावे.

मग स्वतंत्र देशाचा स्वतःचा शस्त्र कायदा १९५९ साली झाला आणि १९६२ पासून अमलात आला. लाठी, साधी हातकाठी, घरकामाची व शेतीची अवजारे यांना त्याने शस्त्रांतून वगळले. जी वस्तू खेळण्यावाचून दुसऱ्या कामाची नाही आणि जिचे खऱ्या शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही, तीही वगळली. पोरांच्या टिकल्यांच्या पिस्तुलाचे अभय या एका वाक्यात आहे. परंतु नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास याच कायद्याने परवाना आवश्यक केला. बंदुकीचा आवाज वा झोत दाबणारे उपकरण तर स्वतःच अग्न्यस्त्र मानले गेले, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो. म्हणून खेळण्याच्या नळीला केवळ शोभेसाठी लावलेले, आवाज मुळीच न दाबणारे नळकांडे ही एक गोष्ट. आणि थोडी कानस फिरवताच खऱ्या बंदुकीला उपयोगी पडेल असे नळकांडे ही अगदी निराळी गोष्ट. दुकानातील फळीवर दोन्ही सारखीच दिसतात. कायदा मात्र विचारतो, ही कशासाठी घडवली आणि हिचे काय होऊ शकते? २०१६ च्या नियमांत तर बंदुकीच्या प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्याच देण्यात आली.

इंग्लंडमध्ये ओघ उलटा वाहिला. अटक टाळण्यासाठी नकली बंदूक रोखणे हा तेथे १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. पुढे २००६ च्या कायद्याने हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवरच निर्बंध आले. कारण ज्याच्या छातीवर ती रोखली जाते, त्याला नळी पारखण्यास सवड नसते. आपल्याकडेही हे तत्त्व जुनेच आहे. १८६० च्या दंडसंहितेत तत्काळ मरणाची वा इजेची भीती घालून लुटणे ही जबरी चोरीच होती आणि २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेतही ती तशीच आहे. लाकडी पिस्तुलाने घातलेली भीती लाकडी नसते.

तेव्हा धुऱ्यावरच्या बुजगावण्याने निश्चिंत असावे. त्याची काठी शेतीच्या कामाची आहे आणि तिचे सोंग पाखरांपुरते आहे. तीच काठी कोणी उचलून वाटसरूवर रोखली, तर काठी बदलत नाही. बदलतो तो धरणारा. वस्तूची परीक्षा कायदा करू शकतो. दाखवण्यासाठी उचललेला हात कोणाला भिववण्यासाठी उचलला आहे की स्वाभिमानासाठी, याची परीक्षा नागपूरच्या तलवारींनी आणि नालवाडीच्या टकळीने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवली आहे.