तीन वर्षांचा हिशेब: लग्न आणि अमेरिकन नागरिकत्व

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं की नागरिकत्व आपोआप मिळतं, असं अजूनही बरेच जण धरून चालतात. तसं नाही. लग्नामुळे ग्रीन कार्डची वाट मोकळी होते, आणि पुढे इतरांना पाच वर्षं थांबावं लागतं तिथे नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तीन वर्षं पुरतात. हा तीनचा आकडा आला कुठून, हे आज आपण बघू. कारण त्याच्यामागे शंभर वर्षांचं एक भांडण आहे: बाईचं नागरिकत्व तिचं स्वतःचं, की नवऱ्याचं?

सुरुवातीला उत्तर सरळ होतं, नवऱ्याचं. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री त्या क्षणी नागरिक व्हायची. ना मुदत, ना अर्ज, ना परीक्षा. तिला हवं आहे का, हेही कुणी विचारत नव्हतं. फक्त ती स्वतः नागरिक होण्यास पात्र असली पाहिजे, अशी अट होती. आणि त्या काळी पात्र म्हणजे गोरी. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. आशियातले लोक बाहेरच.

हे औदार्य वाटत असेल तर १९०७ चा कायदा बघा. तेच तत्त्व उलटं फिरवलं गेलं. परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व गेलं, मग ती आयुष्यभर देशाबाहेर न का गेलेली असो. एथेल मॅकेंझी ही कॅलिफोर्नियात जन्मलेली बाई. तिने १९०९ मध्ये एका ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न केलं. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार मिळाला, म्हणून ती मतदार यादीत नाव घालायला गेली, तर तू नागरिकच नाहीस असं उत्तर मिळालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९१५ मध्ये ती हरली. न्यायालयाचा सूर असा, की लग्न तिने राजीखुशीने केलं, परिणाम माहीत असताना केलं. नवऱ्याला मात्र असा प्रश्न कोणत्याही कायद्याने विचारला नव्हता!

१९२० मध्ये देशभर स्त्रियांना मत मिळालं आणि हे टिकणं अशक्य झालं. सप्टेंबर १९२२ मध्ये केबल कायदा आला. आता लग्नाने नागरिकत्व मिळेना. परदेशी बायकोने स्वतः अर्ज करायचा, फक्त पाच वर्षांऐवजी एक वर्ष वास्तव्य पुरे. म्हणजे सवलतीची मुदत प्रथम इथे मोजली गेली. पण एक काटा राहिला. नागरिकत्वाला 'अपात्र' असलेल्या परक्याशी, म्हणजे मुख्यतः आशियाई पुरुषाशी लग्न केलं तर अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जाणारच होतं.

इथे आपली माणसं या गोष्टीत येतात. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे, १९१४ मध्ये नागरिक झालेले. निकाल लागताच सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची प्रमाणपत्रं रद्द करायला घेतली, आणि खुद्द वकीलसाहेबांवरच खटला आला. पंडितांची पत्नी लिलियन गोरी अमेरिकन. नवरा मुळात नागरिकच नव्हता असं ठरलं, तर ती परक्याची बायको ठरून तिचंही नागरिकत्व बुडणार होतं. पंडित लढले. एकदा न्यायालयाने दिलेलं नागरिकत्व सरकारला असं मागाहून उकरून काढता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. आपल्याकडे या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे खटकतं.

केबल कायद्यातला तो काटा १९३१ मध्ये निघाला. मग २४ मे १९३४ चा कायदा आला, आणि आमच्या मते खरं वळण इथे आहे. सवलत आता फक्त बायकांना नाही, नागरिक स्त्रीच्या परदेशी नवऱ्यालाही मिळाली, आणि दोघांना मुदत एकच: तीन वर्षं. मध्ये १९४० च्या कायद्यात आकडे पुन्हा हलले, पण १९५२ च्या कायद्याने तीन पक्के केले. त्याच कायद्याने वंशाची अटही पुसली. भारतीयांसाठी ती १९४६ मध्येच उठली होती.

आजचा नियम म्हणजे त्या १९५२ च्या कायद्याचं ३१९ वं कलम. नीट ऐका, कारण लोक इथेच फसतात. नुसतं ग्रीन कार्ड तीन वर्षांचं असून भागत नाही. अर्जाच्या आधीची पूर्ण तीन वर्षं जोडीदार नागरिक असला पाहिजे आणि त्याच जोडीदारासोबत प्रत्यक्ष संसार चालू असला पाहिजे. समजा, नवरा गेल्या वर्षी नागरिक झाला आणि बायकोच्या ग्रीन कार्डला चार वर्षं झाली आहेत. तिला तीनचा नियम लागू नाही. तिने आपली पाच वर्षंच पुरी करावीत, ती आधी भरतील. शिवाय तीन वर्षांपैकी निम्मा काळ, म्हणजे अठरा महिने, अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं लागतं. माहेरी लांबलेल्या मुक्कामांचा हिशेब इथे आडवा येतो. वास्तव्याची मुदत भरायच्या नव्वद दिवस आधी अर्ज करता येतो हे खरं, पण ती सूट संसाराच्या तीन वर्षांना नाही.

आणि शपथेच्या आधी घटस्फोट झाला, किंवा जोडीदार वारला, तर ही वाट बंद. पुन्हा पाच वर्षं. एवढ्यापुरतं बघितलं तर १८५५ ची सावली अजून आहे: सवलत माणसाला नाही, लग्नाला आहे. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या घरात केवळ या तीन वर्षांसाठी अडकून पडलेल्यांचं काय, या प्रश्नाला कायद्यात जागा मिळायला २००० साल उजाडलं. जोडीदाराच्या छळामुळे ज्यांना स्वतःच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळालं आहे, त्यांना एकत्र राहण्याची अट तेव्हापासून लागू नाही. त्यांची तीन वर्षं एकट्यानेही मोजली जातात.