घर कुठं घ्यायचं? जतमधून मुंबईकडं बघताना

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. ऐरोलीत नोकरीला आहे, लग्न ठरलंय.

"तात्या, घर बघाय लागलोय. कोपरखैरण्यात जुनं वन बीएचके घेऊ का बदलापूरला नवं टू बीएचके? पैसे जवळपास तेवढंच. पप्पा म्हणत्यात, वड्याकडचं चार एकर काढून टाकू, म्हंजे डाउनपेमेंट सुटतंय."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. फ्लॅटचे दर मला विचारून काही उपयोग नाही. पण मुंबईत आपल्या भागातली माणसं कुठं राहिली, का राहिली आणि त्यांचं पुढं काय झालं, हे थोडंफार वाचलंय, थोडं डोळ्यांनी बघितलंय. त्याला म्हटलं, आठ दिवस थांब, लिहून पाठवतो. लिहिता लिहिता वाटलं, हा प्रश्न आपल्याकडच्या हजार घरांत चाललेला असणार. म्हणून इथं टाकतोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

पहिल्यांदा आपला पत्ता. जत हे डफळ्यांचं संस्थान. 1948 च्या मार्चमध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून आपल्याकडची जुनी माणसं मुंबईत "गाव कुठलं?" म्हटल्यावर "सातारकडचं" म्हणायची. सातारा-सांगली हा मुंबईत एकच पत्ता होता. तुम्हाला खोली कुठं मिळणार हे त्या पत्त्यावर ठरायचं.

आता थोडं मागं जाऊ.

1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात पहिले रोगी सापडले, आणि काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावाकडं पळाली. त्या धक्क्यातून 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उत्तरेला मोकळ्या जागेवर नव्या वसाहती वसवायच्या, असं त्याचं काम. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या त्यातनं आल्या. हवा, उजेड, झाडं, सगळं होतं. पण ते कारकून, वकील, डॉक्टर यांच्यासाठी. पाडलेल्या वस्त्यांतल्या कष्टकऱ्यांना तेवढी घरं मिळाली नाहीत. ते शेजारच्याच दुसऱ्या दाटीत शिरले. शहर सुधारतं तेव्हा कोणासाठी सुधारतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

1920 च्या दशकात सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून 207 इमारती. खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. आणि गंमत बघा, घरांची एवढी टंचाई असताना सुरुवातीला त्यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. कारण भाडं परवडत नव्हतं आणि जागा गिरणीपासून लांब पडत होत्या. ज्याची पाळी सकाळी सातला, त्याला भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावरच राहायला पाहिजे. स्वस्त आणि लांब यापेक्षा दाटीचं आणि जवळचं कामगारानं निवडलं. हे शंभर वर्षांपूर्वीचं उत्तर आहे, पण बदलापूर लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्याला ते आजही कळेल.

आपली माणसं कशी राहिली? गावाच्या नावानं खोली. तिला कोण गाळा म्हणायचं, कोण गावकीची खोली. एका खोलीत वीस-तीस गडी. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीच्या जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. भिंतीवर एकेकाची ट्रंक. जेवण खानावळीत, म्हणजे आपल्यातल्याच एखाद्या बाईच्या घरात. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. 1975 ला प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठं त्यांना बँकेची दारं उघडली. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना या बायका वगळल्या, तर तो अर्धाच राहतो.

त्या वेळी घर "निवडणं" हा प्रकारच नव्हता. गाव, जात, गिरणी आणि मुकादम मिळून तुमची गल्ली ठरवायचे. दलित कामगारांना तर पुष्कळ चाळींत खोलीच मिळत नव्हती. खुद्द बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीस-बावीस वर्षं राहिले. बॅरिस्टर झाल्यावरसुद्धा. मग 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत "राजगृह" बांधलं, पुस्तकांना जागा होईल असं. परळची चाळ ते हिंदू कॉलनी हे अंतर दोन-तीन किलोमीटर असेल. पण मोहल्ला निवडण्याचा हक्क म्हणजे काय, ते समजायला मला तेवढं अंतर पुरतं.

हा प्रश्न मिटलाय असं समजू नका. 2005 ला सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते, असा निकाल दिला. आज जाहिरातीत तसं कोण लिहीत नाही. एजंट फक्त विचारतो, "आडनाव काय? नॉनव्हेज खाता का?"

पुढं 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी 1940 च्या पातळीला गोठली. राहणाऱ्याला आधार झाला, यात वाद नाही. पण मालकानं डागडुजी सोडली, भाड्यासाठी नव्या चाळी बांधणं बंद पडत गेलं आणि खोली पागडीवर फिरायला लागली. नंतर आलेल्याला भाड्याची खोली मिळेना. मग एक तर झोपडी, नाहीतर विकत घर. "मुंबईत घर घ्यायचंच" हा आपल्याकडचा हट्ट इथनं सुरू होतो, असं माझं मत आहे. तो नुसता हौसेचा हट्ट नव्हता. भाड्याचा रस्ता बंद झाला होता.

आता कोपरखैरण्याकडं येतो.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतले हमाल-तोलणार संघटित केले आणि 1969 ला माथाडी कायदा झाला. डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसाला मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी मिळाला. यातली बहुतेक माणसं घाटावरची, आपल्या दोन जिल्ह्यांतली लई. 1970 ला सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडं नवं शहर उभं राहायला लागलं. मशीद बंदरचा कांदा-बटाटा, भायखळ्याचा भाजीपाला, क्रॉफर्ड मार्केटची फळं असे घाऊक बाजार 1980 नंतर एकेक करून तुर्भे-वाशीला हलवले. बाजार हलला तसा माथाडी हलला. कोपरखैरणे, घणसोली भागात सिडकोकडनं त्यांच्यासाठी घरं झाली. आज तिथं सातारा-सांगलीची भाषा रस्त्यावर ऐकू येते आणि गावाच्या यात्रेला तिथनं गाड्या भरून येतात.

हे घर मात्र फुकटात सुखाचं झालं नाही. वाशीचा खाडीपूल 1973 ला झाला. लोकल वाशीला पोचली 1992 ला. मधली 19 वर्षं माणसं एसटी आणि बेस्टच्या भरवशावर. ठाण्याहून कोपरखैरणेमार्गे वाशीची प्रवासी लोकल तर 2004 ला सुरू झाली. ज्यानं "रेल्वे येणार" या शब्दावर घर घेतलं, त्याची पोरं शाळा संपवून नोकरीला लागली तेव्हा रेल्वे आली. पनवेल-उलव्याकडं "विमानतळ येणार" म्हणून किती जणांनी पैसे अडकवले! विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. आलं, पण हप्ते त्याच्यासाठी थांबले नव्हते.

दुसरी बाजू गिरणगावाची. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संप कधी रीतसर मिटलाच नाही. 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 ला तो नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जागेचे राहिले. जमीन मालकांकडं गेली. 2012 ला गिरणी कामगारांसाठी म्हाडाची सोडत निघाली, 6,925 घरांची. अर्ज लाखाच्या वर. आता त्यांच्या वारसांना शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. ज्यांच्या बापजाद्यांनी परळ-लालबाग उभं केलं, त्यांना कर्जतच्या वाटेवर. ते नाही म्हणतायत ते उगाच नाही.

या सगळ्यातनं मी पुतण्याला तीन गोष्टी लिहिल्या.

एक, आज जे आहे त्याचे पैसे दे, उद्या जे येणार आहे त्याचे देऊ नकोस. स्टेशन, पाणी, दवाखाना, शाळा आज पायाखाली आहे का बघ. बदलापूरला खोली एक जास्त मिळेल, पण ऐरोलीला जाऊन यायला दिवसाचे तीन तास गेले, तर ती जास्तीची खोली बघायला तू घरात असणार कधी? आणि होणाऱ्या बायकोची नोकरी कुठं आहे ते विचार. चाळीच्या काळापासून जागा गड्याच्या पाळीवर ठरत आल्यात. या वेळी दोघांच्या ठरव.

दोन, स्वस्त का आहे ते शोध. नवी मुंबईत गावठाणालगत आणि मोकळ्या भूखंडांवर विनापरवाना इमारती पुष्कळ झाल्या. 2015 ला दिघ्यात अशा इमारतींवर हातोडा पडला. आत राहणारे आपल्यासारखेच, आयुष्याची कमाई घातलेले. वरळीच्या कॅम्पा कोलात तर पैसेवाले होते, त्यांचीही तीच गत झाली. भोगवटा प्रमाणपत्र, सिडकोचा भाडेपट्टा, हस्तांतराचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नकोस. नवी इमारत असेल तर महारेराचा नंबर तपास. ओळखीचा गाववाला मधे आहे म्हणून कागद बघायचं सोडू नकोस. गाववाल्यानं खोली मिळवून द्यायचा काळ वेगळा होता, तेव्हा ट्रंक उचलून दुसरीकडं जाता येत होतं.

तीन, आधी वर्ष-दोन वर्षं त्याच भागात भाड्यानं राहा. पाणी किती वाजता येतं, पावसात कुठं तुंबतं, शेजारी कसे आहेत, हे कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

आणि चौथं, जे त्याला नाही, भावाला लिहिलं: शेत विकू नका. पूर्व भागातल्या 65 गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजनेचं काम चाललंय. पाणी आलं की त्या चार एकराचा भाव वेगळा असेल.

भावानं पत्राचं उत्तर फोनवर दिलं. "मास्तर, पोराला सांगतोस रेल्वे येणार म्हणून घर घेऊ नको. मला सांगतोस पाणी येणार म्हणून रान ठेव. आपला आबा म्हैसाळचं पाणी येणार येणार म्हणतच गेला न्हवं?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे. ताकारी-म्हैसाळ 1980 च्या दशकातली योजना. पूर्व जतच्या गावांनी 2012 ला कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले, 2022 ला तिथल्या मुख्यमंत्र्यांनी 40 गावांवर दावा सांगितला, तेव्हा मुंबईतल्या फायली जाग्या झाल्या. मी पेन्शनीवर बसून थांबा म्हणतोय. टँकरच्या मागं घागर घेऊन वहिनी पळाल्यात, मी नाही.

दोन दिवस विचार करून परत फोन केला. म्हटलं, तुझं बरोबर आहे, नियम दोघांना एकच पाहिजे. येणाऱ्या पाण्याच्या भावानं रान धरू नको. पण एक फरक आहे. गावकीच्या खोलीत राहणाऱ्याला संपात गिरणी सुटल्यावर जायला गाव होतं. ज्यांचं गावाकडं काही उरलं नव्हतं, त्यांचे हाल जास्त झाले. पोराच्या कंपनीचा भरवसा गिरणीपेक्षा जास्त आहे का? चार एकर विकून घेतलेल्या घराचा हप्ता नोकरी गेली तर कोण भरणार? विकायचं तर दोन विक, दोन ठेव, आणि पोराला लहान घर घेऊ दे.

भाऊ म्हणाला, "बघू." आमच्याकडं बघू म्हणजे नाहीही नाही आणि होयही नाही.

पुतण्या येत्या रविवारी होणाऱ्या बायकोला घेऊन कोपरखैरण्यात भाड्याची खोली बघायला जाणार आहे. तिचं ऑफिस ठाण्यात आहे, हे त्यानं मला काल सांगितलं. म्हणजे 2004 ची ती लोकल तिच्या उपयोगाची आहे.

तुमच्यापैकी कोणाचे वडील-आजोबा गाळ्यावर राहिले असतील, कोणाला माथाडीचं घर मिळालं असेल, किंवा कोणी रान विकून तिकडं घर घेतलं असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. चांगलं झालं तेही लिहा, फसलं तेही. आमच्या घरात अजून निर्णय व्हायचाय.