गळाची मासेमारी : शिरूर व दौंड
घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड येथील एक छंद. उजनी धरणाचा (१९८०) फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. तेथे चिलापी, कटला, रोहू, मरळ हे मासे मिळतात. काठी, तंगूस, गळ आणि आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढे साहित्य पुरते.

फ्लाय फिशिंगची रीत निराळी. गळावर पिसे व दोरा गुंडाळून केलेला नकली किडा अगदी हलका असतो, म्हणून जाड दोरीच्या वजनानेच तो लांब फेकावा लागतो. मरळ हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येते. तरंगते आमिष तिच्यासाठी उत्तम. मुळा-मुठेतून भीमेत येणारे पुण्याचे सांडपाणी ही मात्र या छंदापुढील एक गंभीर अडचण आहे.