मांडवावर पत्रा कशाला?

इमारतीमागच्या फरसबंद चौकात लाकडी पर्गोला उभा राहिला, तेव्हापासून दर सभेत एक प्रश्न ठरलेला : "वर पत्रा कधी टाकणार?" पावसात बसता येत नाही, मग उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. पण कोटेशनं मागवण्याआधी सभासदांनी या वस्तूची वंशावळ वाचावी, एवढीच विनंती.

'पर्गोला' हा इटालियन शब्द. मूळ लॅटिन 'पर्गुला', म्हणजे भिंतीपासून पुढे काढलेलं छप्पर. वस्तू मात्र शब्दाहून जुनी. इजिप्तमध्ये थीब्ज इथे नख्त नावाच्या लेखनिकाचं (म्हणजे आमच्याच पेशातला!) थडगं आहे. त्यात सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचं चित्र आहे : वर द्राक्षवेल, खाली माणसं घड तोडताहेत. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईतही जेवणाच्या बांधीव बैठकांवर वेलींचे मांडव होते. कुजलेल्या मुळांच्या पोकळीत सिमेंट ओतून संशोधकांनी तिथल्या बागा ओळखल्या. सावली पानांची, लाकूड फक्त आधाराला.

आपल्याकडे तरी वेगळं काय? कोकणात पाऊस सरला की अंगण चोपून, मेढी रोवून वर झावळ्यांचा मांडव घालतात आणि पुढच्या पावसाआधी उतरवतात. नाशिककडे द्राक्षं मांडव पद्धतीनेच वाढली. परसातल्या दोडक्या-कारल्याच्या मांडवावर पत्रा घातलेला कुणी पाहिलाय का?

लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला पर्गोला तर आपल्या सोसायटीला अगदी जवळचा वाटेल. 'सनलाइट' साबणवाले विल्यम लीव्हर यांनी १९०५ पासून तो बांधवून घेतला. आराखडा टॉमस मॉसन यांचा. जवळच भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं, त्याची माती आणून बाग उंच केली. पुढे शेजारची जागा घेतली, तर दोन्हींच्या मधून सार्वजनिक पायवाट! एवढा धनाढ्य माणूस, पण वाट काही बंद करता आली नाही; शेवटी वरून पूल बांधला. (पार्किंगच्या वादात हे उदाहरण मी दोनदा दिलंय, उपयोग शून्य.) १९२५ मध्ये ते गेले, पुढे देखभाल आटली आणि बांधकामाची पडझड झाली. १९६३ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, नंतर दुरुस्तीही झाली. आज तिथे कुणीही जाऊन बसू शकतं.

तेव्हा पर्गोला मोडतो तो उघडा असतो म्हणून नव्हे, दुर्लक्षाने. पत्रा टाकला की ती शेड झाली. मग तिथे सायकली, जुनी कपाटं, रंगाचे डबे येणार, आणि संध्याकाळी बसणारी आम्ही म्हातारी मंडळी पुन्हा जिन्याखाली.

माझी सूचना साधी आहे. दोन खांबांशी मधुमालती लावा. आपले खांब लोखंडी बुटांवर फरशीपासून चार बोटं वर आहेत, तिथे पाणी तुंबू देऊ नका. दरवर्षी पावसाळ्याआधी लाकडाला तेलाचा हात द्या. पहिल्या वर्षीचं तेल माझ्याकडून. पावती मात्र सोसायटीच्या नावाने फाडा.